हो बाजूला

बाबा,

तुमच्या फोटोला हार घालताना मला हसू आलं. सांगून टाकते, नाहीतर मनात राहील. तेराव्याचा दिवस, हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसलेली, निखिल खाली मान घालून उभा, आणि मी ओढणी तोंडाशी धरून हसतेय. लोकांना वाटलं, सून रडतेय. थोड्या वेळाने खरंच रडले, पण सुरुवात हसण्याने झाली आणि त्यात दोष तुमचाच आहे. फ्रेममध्ये तुमचा व्हिसाचा फोटो होता. तोच, ज्याला तुम्ही चार वर्षं नावं ठेवत होतात. "कोणी काढला हा? माणूस आहे का कैदी? कान बघ, एक वर एक खाली. मान सरळ करा म्हणायला त्याची जीभ झडली होती काय?"

अख्ख्या कराडला ज्याने आपल्या फोटो स्टुडिओत मान सरळ करायला लावली, त्या माणसाचा घरात दुसरा फोटो नव्हता. मी तीन दिवस शोधत होते. माझ्या फोनमध्ये तुम्ही पुष्कळ आहात, पण प्रत्येक ठिकाणी तुमचा तळहात पुढे आलेला. मी फोन उचलला की तुमचा हात वर. तळहाताला हार कसा घालणार? म्हणून मग तो व्हिसावाला. माफ करा.

आज लिहायला बसले, कारण शनिवारी पोर्टर्स पासच्या घाटात बर्फ पडला. न्यूझीलंडच्या या हिवाळ्यातला पहिला. तुम्ही एप्रिलपासून वाट बघत होतात. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीशी उभे राहायचात आणि ढगांकडे अशा नजरेने बघायचात, जणू पोस्टमन तुमचंच पत्र घेऊन फिरतोय आणि देत नाहीये. मे महिन्यात तुम्ही गेलात. बर्फ तीन आठवड्यांनी आला.

खरं सांगू का, तुम्ही इथे राहायला येणार म्हटल्यावर मला नको वाटलं होतं. तुम्ही माझ्याशी कधी धड बोललाच नव्हतात. निखिल आणि मी ख्राइस्टचर्चच्या रजिस्ट्रार ऑफिसात लग्न केलं, दोन साक्षीदार, दोघांच्या अंगात जीन्स. कामाचे व्हिसा संपत आलेले, रजा नाही, दुसरं काही सुचलंच नाही. मित्राने फोनवर तीन फोटो काढले, त्यातल्या दोनांत माझे डोळे मिटलेले. आईंनी फोनवरून आशीर्वाद दिला, साखर खाल्लीस का विचारलं. तुम्ही मागून म्हणालात, "लग्न नाही ते. सही केली दोघांनी." मला ऐकू आलं होतं, बाबा. जातीपातीचं काही नव्हतं, हे मला निखिलने पुढे समजावलं. तुम्ही पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचे अल्बम केले आणि तुमच्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नाचा एक फोटो नाही, हे तुम्हाला गिळवत नव्हतं. त्यानंतर सात वर्षं आपलं फोनवरचं संभाषण म्हणजे, "हं. निखिलकडे दे."

त्याच काळात आई गेल्या, स्टुडिओ बंद झाला, आणि दोन वर्षांनी तुम्ही आमच्याकडे आलात. पहिले काही महिने तुम्ही सोफ्याच्या एका कोपऱ्यात पाहुण्यासारखे बसायचात. निखिल आणि तुम्ही एकमेकांशी काटकसरीने बोलायचात. त्याने स्टुडिओ चालवायला नकार दिला होता, ते तुम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. एका शनिवारी मला तो शांतपणा असह्य झाला. म्हटलं, चला बाबा, बर्फ दाखवते. निखिल म्हणाला, मला थंडी बाधते. तो नेहमीच तसं म्हणायचा.

लेक लिंडनशी गाडी थांबवली तेव्हा समोर सगळं पांढरं होतं. तळं गोठलेलं, पलीकडचे डोंगर पांढरे, कुंपणाच्या तारासुद्धा पांढऱ्या. तुम्ही मोज्यांवर चपला घालून उतरलात, मी ओरडतेय तिकडे लक्ष नाही. बराच वेळ उभे होतात. आणि मग वळून मला विचारलंत, "हे मोजायचं कसं?"

ते तुमचं माझ्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य. मला काही कळलं नव्हतं. पण दुसऱ्या शनिवारी तुम्ही सेकंडहँड डिजिटल कॅमेरा शोधायला मला शहरभर फिरवलंत.

ती उत्तरेची गोष्ट आठवते ना? कोणाला सांगू नको म्हणाला होतात, मी सगळ्यांना सांगितली. तुमच्या स्टुडिओला उत्तरेला मोठी खिडकी होती, दुधी काचेची. उत्तरेचा उजेड मऊ, सावली धरत नाही, त्या बाजूने ऊन कधी अंगावर येत नाही, हे तुम्ही हयातभर गृहीत धरलेलं. त्या दिवशी तुम्ही तळ्याच्या वर एक उतार निवडलात, दक्षिणेकडे तोंड असलेला. म्हणालात, आता तासाभरात इथे ऊन येईल, मग बघ. आपण दीड तास थांबलो. थर्मासमधला चहा संपला. ऊन डोंगराच्या पलीकडून, उत्तरेकडून, खुशाल चालत निघून गेलं आणि तुमचा उतार निळाच्या निळा राहिला. मी म्हटलं, "बाबा, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला आहोत." तुमचं नेहमीच 'मी म्हणेन ती पूर्व' असायचं. तुम्ही माझ्याकडे रागाने बघितलंत, घड्याळाकडे बघितलंत, आणि म्हणालात, "यांची उत्तर बिघडलेली आहे."

मी गाडीत हसून हसून लोळायची बाकी होते. परतीच्या वाटेवरच्या स्प्रिंगफील्ड गावाला पोचेपर्यंत तुम्हीही हसायला लागलात. तिथे तुम्ही पहिल्यांदा मैद्याच्या पारीत चीज भरून भाजलेला 'पाय' खाल्लात आणि त्याचं नाव 'साहेबाची करंजी' ठेवलंत. पुढे प्रत्येक खेपेला तीच. जाताना रस्ता उघडा आहे का ती पाटी बघायची, येताना करंजी.

आणि मग मापाचं सुरू झालं. तुम्ही मला समजावलंत ते मी आता इतरांना तुमच्याच आवाजात समजावते. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. त्याला वाटतं जग सगळं मध्यम रंगाचं असतं. समोर नुसता बर्फ आला की तो दिपतो आणि उजेड कमी करून टाकतो. घरी येऊन बघावं तर बर्फ राखेसारखा. लग्नात नवरीच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतली पंधरा माणसं उभी राहिली की हीच गत व्हायची, म्हणालात. मग काय करायचं? नवरीच्या तोंडावरचा उजेड मोजायचा. तोंड बरोबर आलं की पांढरं आपोआप पांढरं येतं.

बर्फात नवरी कुठून आणणार? तुम्ही मला उभं केलंत.

"रस्त्याच्या कडेला, खडीवर उभी राहा. बर्फावर पाय ठेवू नको, खराब होईल. हां. बघ इकडे."

खट्.

"हो बाजूला."

मग मी बाजूला व्हायचे आणि तुम्ही डोंगराचा फोटो घ्यायचात. एकच. रोलच्या काळातला माणूस, दुसरा कशाला वाया घालवेल! मी विचारलं, हे सगळं माझ्यावरच का? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "तुझा रंग गव्हाळ. ना गोरा ना काळा. उजेड मोजायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. या गोऱ्यांना ही सोय नाही."

"हे कौतुक आहे का बाबा?"

"माप आहे."

चार हिवाळे मी तुमचं माप होते. बोटं बधिर, नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या स्टँडशी वाकलेले. एकदा एक शेतकरी ट्रक थांबवून उतरला. त्याला वाटलं गाडी बंद पडलीय. तुम्ही जोरात "किया ओरा" म्हणून इथला नमस्कार घातलात. मी सांगितलं, आम्ही ठीक आहोत, फोटो काढतोय. तो "स्वीट अ‍ॅज" असं इथलं 'झकास' म्हणून निघून गेला. तुम्ही बराच वेळ विचार करून विचारलंत, "स्वीट अ‍ॅज काय? साखर? गूळ? अर्धंच बोलून गेला माणूस." त्यानंतर घरात काहीही छान झालं की तुम्ही 'स्वीट अ‍ॅज गूळ' म्हणायचात. परवा माझ्या हातून आमटी चांगली झाली आणि मी ओट्याशी एकटीच तसं म्हटलं. मग तिथेच उभी राहिले थोडा वेळ.

माझे ते मापाचे फोटो तुम्ही घरी येऊन पुसायचात. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर, कॅमेरा डोळ्यांशी धरून, अंगठ्याने एकेक. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "मला बघू तरी द्या." तुम्ही म्हणायचात, "शिंपी मापं घेतो, ती काय चौकटीत लावतो?" चार वर्षांत एकदाही दाखवला नाहीत. मला सुरुवातीला गंमत वाटायची. नंतर नंतर लागायला लागलं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचे, नुसत्या डोंगराचे फोटो कसले काढता? माणूस असला की फोटोची आठवण होते. डोंगराला काय कळतंय आपला फोटो काढला म्हणून? तुम्ही म्हणायचात, माणसं पुष्कळ काढली. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा स्प्रिंगफील्डला गाडीतच बसून करंजी खात होतो, काचांवर वाफ धरलेली, आणि मी पुन्हा तेच काढलं. तेव्हा तुम्ही करंजी कागदात परत गुंडाळून ठेवलीत.

"डोंगराला कळत नाही हेच बरं आहे. तो नंतर विचारायला येत नाही, माझा कुठंय म्हणून."

 तुम्ही समोरच्या काचेकडे बघत सांगत होतात. आई दरवर्षी दिवाळीला म्हणायच्या, माझा एक नीट फोटो काढा. तुम्ही दरवर्षी म्हणायचात, काढू की, घरचंच काम आहे. बाहेरची गिऱ्हाइकं आधी, घरचं काम मागे. घरचं माणूस कुठे जातंय! सगळ्या गावाच्या बायकांचे फोटो तुमच्या काचेच्या कपाटात लागलेले आणि दिव्याखाली अंधार. त्या गेल्यावर हार घालायला फोटो मिळेना. शेवटी कोणाच्या तरी मुंजीतला ग्रुप फोटो सापडला. "तिच्या खांद्यावर चुलत जावेचा हात होता. तेवढा हात पुसायला मला तीन दिवस लागले," तुम्ही म्हणालात. "हात गेला. खांदा काही तिच्यासारखा आला नाही."

मला तुमच्या पाठीवर हात ठेवायचा होता. सासरे म्हणून ठेवला नाही. गाडी सुरू केली.

आता मला जे बोलायचंय त्याच्याशी आले. नमनाला घडाभर तेल झालं, पण हे सोपं नाहीये.

गेल्या सप्टेंबरात, हिवाळ्याच्या शेवटच्या बर्फात आपण लेक लिंडनला गेलो. त्या आठवड्यात मला चाळीस पूर्ण झाली होती. मी खडीवर उभी होते. "बघ इकडे" झालं, खट् झालं, आणि तुम्ही "हो बाजूला" म्हणालात तेव्हा मी झाले नाही. मी म्हटलं, "बाबा, यातलाच एक ठेवा. मला वाढदिवसाचा द्या. दुसरं काही नको मला."

तुम्ही स्टँडवरून मान वर काढलीत. "असा नाही. या फुगलेल्या जाकिटात काय फोटो काढायचा? तुझ्या सासूची अंजिरी इरकल आहे, ती नेस. बर्फावर उठून दिसेल. पुढच्या बर्फात काढू की. घरचंच काम आहे."

बाबा, मला त्या क्षणी फक्त 'पुढच्या' एवढंच ऐकू आलं. अकरा वर्षांचं सगळं वर आलं. ती सही, ते "निखिलकडे दे", ते अंगठ्याने पुसणं. मी म्हटलं, "गावातल्या परक्या पोरींचे हजारांनी काढलेत. मला मात्र जाकीट आडवं आलं? नाही म्हणा ना सरळ!" आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हटलं, "आईंनाही असंच सांगत राहिलात."

तुम्ही डोंगराचा फोटो घेतलात. स्टँड मिटून गाडीत ठेवलंत. स्प्रिंगफील्डला मी गाडी थांबवली तर म्हणालात, "आज नको. भूक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझा चहा करून ठेवलात, नेहमीसारखा, आलं जास्त घालून. मला वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं, आपण त्याच्यावर झाकण ठेवलं होतं. उन्हाळाभर मी ठरवत होते, आज बोलेन, उद्या बोलेन. एप्रिलमध्ये एकदा तुम्ही खिडकीशी उभे असताना मागे न वळता विचारलंत, "ती इरकल कुठे ठेवलीयस?" मी म्हटलं, "आहे कपाटात." तेव्हा माफी मागायची होती. इतकी सरळ वेळ समोर चालून आली होती आणि मी कपाटाचा खण सांगत बसले.

हॉस्पिटलात शेवटचे चार दिवस तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्हाला बोलता येत नव्हतं, मला येत होतं. तरी मी "पाणी हवंय का", "पाय चेपू का", "खिडकी बंद करू का" एवढंच बोलत राहिले. तुम्ही मान हलवायचात. तुमचा हात माझ्या हातात होता, तोच तळहात, फोन बघितला की वर येणारा. किती मऊ होता तो.

बाबा, मी चुकले. ते वाक्य माझ्या तोंडून जायला नको होतं. तुम्ही मला तुमच्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट सांगितलीत, आणि मी ती राखून ठेवून तुम्हालाच फेकून मारली.

मागच्या आठवड्यात निखिल तुमच्या कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते सगळे नीट बघितले. एकेक उघडत होता. मग मला हाक मारली.

"तनू, इकडे ये जरा. यातल्या अर्ध्या फाइल्स मिसिंग आहेत. नंबर बघ. दोनशे अकरा नाही, बारा आहे. तेरा नाही, चौदा आहे. सगळीकडे एक आड एक. कार्ड करप्ट झालंय बहुतेक. रिकव्हर करून बघू?"

मी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. म्हटलं, "करप्ट नाही झालेलं. ती मी आहे."

त्याला सगळं सांगायला बराच वेळ लागला. सप्टेंबरच्या त्या दिवसाचंही सांगितलं, मी काय बोलले तेही. सांगण्याआधी मी पटकन त्या दिवसाचे नंबर बघून घेतले, खोटं कशाला बोलू! वाटलं, एखादा तरी ठेवला असेल. नव्हता. त्या दिवशीसुद्धा तुम्ही माझा पुसून डोंगर ठेवला होतात. रिकव्हर करतो म्हणून निखिल मागे लागला, पण मी नको म्हटलं. तुम्ही पुसलेलं तुमच्या मागे उकरून काढणं बरं दिसलं नसतं.

मग आम्ही दोघं ते फोटो बघत बसलो. बर्फ, बर्फ, बर्फ. इतका स्वच्छ पांढरा, की कुंपणाच्या तारेवरचा एकेक कण मोजावा. आणि एकातही मी नाही, पण त्यातला प्रत्येक पांढरा माझ्या तोंडावरून मोजलेला आहे. मी खडीवर उभी नसते तर तो राखेसारखा आला असता. हे तुम्ही मला पहिल्याच हिवाळ्यात समजावलं होतंत, आणि मी चार वर्षं विचारत होते की मी कुठंय.

निखिल मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडला होता. "बाबा तुला 'घरचंच काम' म्हणाले?" त्याने विचारलं. "नक्की तेच शब्द?"

"हो. का?"

"ते आईशिवाय कोणालाच तसं म्हणायचे नाहीत. मला पण नाही. माझा दहावीचा फोटो काढायचा होता तर म्हणाले, 'रांगेत बस, गिऱ्हाइकं आहेत.'"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तुम्ही मला नकार दिलाच नव्हता. तुम्ही मला घरचं म्हटलं होतंत, आणि मी त्यावरच भांडले.

शनिवारी निखिल स्वतःहून म्हणाला, मी येतो. थंडीचं नाव काढलं नाही. स्प्रिंगफील्डला रस्ता उघडा असल्याची पाटी होती. आम्ही या वेळी जातानाच करंजी घेतली, तुमच्या वाटणीचीही घेतली गेली, चुकून, मी तीन बोटं दाखवली होती. चढावर रस्त्यात खडी टाकलेली, कडेला बर्फाचे ढीग. मी जाकिटाच्या आत अंजिरी इरकल नेसले होते. खाली लोकरीच्या मोज्यांवर बूट. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हे काय सोंग.

तळं अजून पुरतं गोठलेलं नाही, मधे काळं पाणी दिसतं. डोंगर मात्र तसेच. निखिल गाडीत हीटर लावून बसला. मी तुमचा स्टँड नेहमीच्या जागी लावला, कॅमेरा बसवला, सगळं तुम्ही शिकवलं तसं. आणि मग, बाबा, मी काही न ठरवता चालत चालत खडीवर गेले, वळले, आणि हनुवटी थोडी वर करून उभी राहिले.

कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं.

चार हिवाळ्यांची सवय. पायांना कोणी कळवलंच नव्हतं. मी त्या रिकाम्या स्टँडकडे बघत उभी होते आणि मला तुमची खूप आठवण आली. तुमची ती वाकलेली पाठ, कानटोपीतून बाहेर आलेले पांढरे केस, "हलू नको, झालंच" म्हणत चाललेली खुडबूड. सगळं पुन्हा हवं होतं. पुढच्या बर्फात म्हणाला होतात, तो बर्फ आला होता, मी आले होते, साडी नेसून आले होते. मी जाकीट काढलं आणि कुंपणावर टाकलं. आणि खडीवरून उतरून बर्फावर पाय ठेवला. मुद्दाम ठेवला. चार पावलं आत गेले, सगळा बर्फ खराब केला. म्हटलं, बघू आता तरी ओरडायला येता का.

ओरडायला निखिल आला. "तनू, वेड लागलंय का? मायनस दोन आहे!"

"फोटो काढ माझा."

"मला नाही येत तो कॅमेरा. बाबांनी कधी हात लावू दिला नाही."

"तूच कधी लावला नाहीस. ते वरचं बटण आहे, दाब नुसतं."

तो स्टँडशी गेला. तुमच्या उंचीला लावलेला होता, त्याला बरंच वाकावं लागलं. एक डोळा मिटून त्याने आत बघितलं, आणि म्हणाला, "बघ इकडे." तुमच्यासारखंच, 'बघ' वर जोर देऊन. लहानपणी स्टुडिओच्या पायरीवर बसून हजारदा ऐकलं असेल. त्याला स्वतःला कळलंही नाही.

खट्.

तो फोटो करडा आलाय बाबा. बर्फ राखेसारखा, माझं तोंड काळवंडलेलं, डोळे अर्धे मिटलेले, साडीचा अंजिरी रंग विटकरीसारखा. माझ्यामागे माझी चार पावलं, बर्फाची पार वाट लावलेली. उजेड कोणी मोजलाच नव्हता. तुम्ही असतात तर संध्याकाळी टेबलाशी बसून पहिल्या झटक्यात पुसला असतात. मी पुसलेला नाही. पुसणारही नाही.

पण मला जे सांगायचंय ते फोटोच्या नंतरचं आहे. बटण दाबून निखिल सरळ उभा राहिला, हात चोळायला लागला. आणि मी तिथेच उभी. 'बघ इकडे' तुम्ही सगळ्या कराडला म्हणालात, नवऱ्यांना, नवरींना, पाळण्यातल्या पोरांना. पण त्याच्यानंतर यायचे ते दोन शब्द जगात फक्त माझ्यासाठी होते. ते निखिलला कुठून ठाऊक असणार?

"झालं, चल ना," तो म्हणाला. "किती वेळ उभी राहणारेस?"

मी त्याला काही सांगितलं नाही. वारा साडीतून आरपार जात होता. कोणी मला बाजूला हो म्हणेना, म्हणून मी उभीच राहिले.